छपरातून खाली सोडलेली बाज

दीर्घ आजारपण असलेल्या घरात रात्र मोठी असते. दिवसा औषधांच्या वेळा, तपासण्या, भेटायला येणारी माणसे यांत मन गुंतून राहते; पण पहाटे तीनच्या सुमारास झोप मोडली की एकच प्रश्न उशाशी येऊन बसतो, ‘देवाने हे माझ्याच वाट्याला का दिले?’ अंथरुणावरच्या माणसाला तो जसा छळतो, तसाच शेजारी सतरंजीवर अर्धवट निजलेल्या पत्नीला, मुलाला वा सुनेलाही छळतो. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो आणि तो अधिक जिव्हारी लागतो: ‘इतकी प्रार्थना केली, तरी गुण का येत नाही? माझी श्रद्धाच कमी पडते काय?’

आपल्या वाचकांत ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तशीच इतर धर्मांची व कोणताच धर्म न मानणारीही आहेत. आज ख्रिस्ती श्रद्धेविषयी लिहीत असलो, तरी त्यामागे कोणाचे मन वळवावे असा हेतू नाही. ज्यांच्या घरी ही श्रद्धा आहे त्यांना आजारपणात तिचा आधार कसा घेता येईल, आणि तिचे ओझे होऊ नये म्हणून काय जपावे, एवढेच सांगायचे आहे. सांगणे थोडके आहे: संकटातला विश्वास एकट्याने पेलायचा नसतो. ज्याला तो पेलवत नाही त्याच्यासाठी काही काळ इतरांनी तो उचलून धरायचा असतो.

हे नीट समजण्यासाठी आपल्याच भूमीतील एका स्त्रीच्या आयुष्याकडे पाहू.

रमाबाईंची वाट

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान. त्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला आणि मुलींना विद्या शिकवली. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब गावोगाव फिरे. पुढे दुष्काळ आला. होते नव्हते ते संपले, रानातला पाला खाण्याची वेळ आली. त्या काळात आधी वडील, मग आई आणि मग थोरली बहीण असे एकेक जण गेले. विशीच्या आतली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. दोघांनी पायी देश पालथा घातला. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. वय अवघे तेवीस, आणि कडेवर एक वर्षाचीही न झालेली मनोरमा.

दुःखाची ही यादी वाचताना आपल्याला वाटते, अशा माणसाच्या मनात देवाविषयी काय उरले असेल? रमाबाईंनी ते स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. व्रते, उपास, दानधर्म सारे यथासांग करूनही माणसे डोळ्यांदेखत गेली, तेव्हा त्यांचा जुना विश्वास ढासळला. पुढे बराच काळ त्या शोधतच राहिल्या. म्हणजे ज्या बाईंच्या श्रद्धेचे आज आपण कौतुक करतो, त्यांच्या आयुष्यात श्रद्धा हरवण्याचाही काळ होता.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे ही मनीषा होती. पण ऐकू कमी येऊ लागले होते आणि त्या बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथे दुर्दैवी अंत झाला. परक्या मुलखात हा आणखी एक घाव. त्या दिवसांत भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे एका निवाऱ्यात नेले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत होती, त्यांना पुन्हा उभे केले जात होते. आपल्या देशात असे काही रमाबाईंनी पाहिले नव्हते. या बायकांसाठी तुम्ही इतके का झिजता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकट्याने पाण्याला आलेल्या त्या स्त्रीशी येशू आपण होऊन बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो. रमाबाईंचे मन ख्रिस्ताकडे वळले ते या क्षणापासून. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. रमाबाईंपर्यंत श्रद्धा आधी पोहोचली ती कोणाच्या तरी सेवा करणाऱ्या हातांतून. वचन मागाहून आले. आजाऱ्याची चादर बदलणाऱ्या, त्याला घास भरवणाऱ्या वाचकांनी हे विसरू नये. आपण जे करतो त्यालाच पुष्कळदा प्रवचनाचे मोल असते.

प्रश्न विचारणे पाप नव्हे

बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंनी प्रश्न विचारणे सोडले नाही. मांसाहार केला नाही. चर्चच्या काही मतांविषयी त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींशी पत्रांतून खडाजंगी वाद घातला. त्या पत्रांतून दिसते ती शंका आणि विश्वास एकाच घरात नांदवणारी बाई.

बायबलमध्येही असेच आहे. ईयोबाने मुले, संपत्ती, आरोग्य सारे गमावले. राखेत बसून तो देवाला जाब विचारतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे म्हणजे निव्वळ आक्रोश आहे. देवा, तू कोठे लपला आहेस, असे विचारणारा. हा आक्रोश धर्मग्रंथातून गाळून टाकावा असे कोणाला वाटले नाही. तेव्हा वेदनेने कळवळून आईने ‘देव नाहीच’ म्हटले, तर तिला दटावू नका. तिचे म्हणणे ऐकून घ्या. देवावर रागावणारा माणूस अजून देवाशीच बोलत असतो.

ईयोबाच्या तीन मित्रांची गोष्ट भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्याने बसून राहिले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. पुढे ते बोलू लागले. तुझ्या पापाचे हे फळ असणार, असे सिद्ध करू लागले, आणि सांत्वनाची माती झाली. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबाच्या तक्रारींपेक्षा या मित्रांच्या बोलण्यावर. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही येशूला विचारले होते, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? येशूने दोन्ही गोष्टी नाकारल्या. कर्करोग, पक्षाघात, विस्मृती ही कोणाच्या पापाची शिक्षा आहे असे म्हणण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला त्यानंतर उरत नाही. ‘पूर्वीचे काही केले असेल’ हा शेरा कोणत्याही धर्माच्या घरात आजाऱ्याच्या जखमेवर मीठच चोळतो.

चौघांनी उचललेला एक

मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूम गावची एक कथा आहे. येशू एका घरात बोलत होता आणि दाराबाहेरही पाय ठेवायला जागा नव्हती. चार माणसे एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घेऊन आली. आत जाता येईना, तेव्हा ती छपरावर चढली, छप्पर उकलले आणि बाज खाली सोडली. पुढे ग्रंथकार म्हणतो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला, तो वाहून आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसाच्या मनात तेव्हा काय होते, त्याचा विश्वास होता की नव्हता, याविषयी एक शब्दही नाही.

काळजीवाहकांनो, ही कथा तुमची आहे. दुखण्याने माणूस इतका थकतो की त्याला ‘आमेन’ म्हणायचेही त्राण उरत नाही. विस्मृतीच्या आजारात तर ज्याची प्रार्थना करायची त्याचे नावही आठवत नाही. अशा वेळी त्या माणसाची श्रद्धा संपली असे समजू नका. ती काही काळ तुमच्या खांद्यावर आली आहे, एवढेच. आणि बाज उचलायला चौघे लागले, हेही विसरू नका. एकट्या सुनेने किंवा एकट्या मुलीने ती वाहावी अशी अपेक्षा त्या कथेतही नाही.

स्वतः येशूनेही सोबत मागितली होती. गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, जिवाची घालमेल होत असताना त्याने तिघा शिष्यांना विनवले, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले. त्याने संकट टळावे अशी प्रार्थना केली आणि ते टळले नाही. पौलानेही आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, तो सोसण्याचे बळ मिळाले. प्रार्थना करूनही गुण न येणे हे श्रद्धा उणी असल्याचे लक्षण असते, तर या दोघांनाही तोच ठपका लावावा लागेल.

भाकर, पाणी आणि झोप

एलीया संदेष्टा एकदा इतका खचला की रानातल्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले. एलीयाने खाल्ले, प्याला आणि पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेऊ घातले. देवाशी बोलणे झाले ते त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी. महिनोन्‌महिने रात्रीची जागरणे करणाऱ्यांनी या क्रमाकडे नीट पाहावे. आधी पोटात अन्न, अंगाला झोप, चिंतन त्यानंतर. शुभवर्तमानांत येशूही गर्दी सोडून एकांतात जाताना दिसतो. विश्रांती घेतल्याने सेवा उणी होत नाही. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कोणावर भार सोपवून झोप काढणे, फिरून येणे, हेही आजाऱ्याच्या हिताचेच आहे.

तसेच औषधाचे. लूकाला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणून ओळखतो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीसाठी तो घरगुती उपायही सुचवतो. ख्रिस्ती श्रद्धा आणि वैद्यक यांचे आपल्याकडेही जुने नाते आहे. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये सुरू केलेल्या लहानशा दवाखान्यातून आजची मोठी वैद्यकीय संस्था उभी राहिली. त्यामुळे प्रार्थना सुरू केली म्हणून मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा फिटच्या गोळ्या बंद करा, असे कोणी सांगितले, तर ते ऐकू नका. मग सांगणारा कितीही भाविक असो. इन्सुलिन वा फिटची गोळी एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते.

मनाच्या आजारालाही हाच नियम. सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप वा भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे अशी लक्षणे आजाऱ्यात किंवा काळजीवाहकात दिसली, तर त्याला श्रद्धेची कसोटी समजू नका. डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडेही थांबू नका. त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्या.

घरात काय करता येईल

ज्येष्ठांना ऐकू कमी येऊ लागले की उपासनेला जाणे हळूहळू सुटते. चारचौघांत मान डोलावून वेळ मारून न्यावी लागते आणि माणूस एकाकी पडतो. श्रवणतपासणी करून घ्या. बोलताना समोर बसा, आपल्या चेहऱ्यावर उजेड असू द्या, ओरडण्यापेक्षा सावकाश आणि स्पष्ट बोला. प्रार्थनेपूर्वी दूरदर्शन संच आणि पंखा बंद केला, तरी पुष्कळ फरक पडतो. नजर अधू असेल तर मोठ्या अक्षरांचे बायबल आणा किंवा रोज थोडे वाचून दाखवा.

स्मरणशक्ती ढासळलेल्यांना कालचे जेवण आठवत नसले, तरी लहानपणी पाठ झालेले गीत पुष्कळदा ओठांवर येते. मराठी मंडळ्यांतून नारायण वामन टिळकांची भजने पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जात आहेत. बाबांना ती येत असतील, तर त्यांच्याबरोबर म्हणा. त्यांचे शब्द चुकले तरी दुरुस्त करू नका. बाहेर पडता येत नसेल, तर पाळकांना वा फादरांना घरी बोलवा. मात्र भेट छोटी असू द्या आणि आजाऱ्याला आधी विचारा, आज प्रार्थना करायची का? तो ‘नको’ म्हणाला, तर नुसते हात धरून बसा.

ही विचारणा फार महत्त्वाची आहे. अंथरुणावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यावर कोणतीच श्रद्धा लादू नये. शारदा सदनावर १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. आश्रयाला आलेल्या माणसाच्या धर्माचा प्रश्न किती नाजूक असतो, हे त्यावरून कळते. घरातही तो तितकाच नाजूक असतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढे कित्येक वर्षांचा विरह, नातलगांचे बोल, मनाची ओढाताण त्यांनी सोसली. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या पायांनी चालत तेथवर येऊन. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ही वाट ठाऊक आहे. एका घरात दोन श्रद्धा असतील, तर आजाऱ्याच्या खोलीत वादाला थारा देऊ नये. त्याला ज्याने शांत वाटते, ते त्याला मिळावे.

संध्याकाळ

रमाबाईंच्या उत्तरायुष्याकडे आता पुन्हा वळू. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. शेकडो मुली व स्त्रिया तेथे लिहायला, विणायला, छपाईचे काम करायला शिकल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली गेली. वृद्ध आणि पंगू स्त्रियांनाही आसरा मिळाला. ज्यांना कोणी वाहून आणले नसते, त्यांच्या बाजा रमाबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलल्या.

उतारवयात त्यांचा बहिरेपणा वाढत गेला होता. त्याही स्थितीत त्यांनी एक मोठे काम हाती धरले होते: हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर. कामाचा वारसा सांभाळील अशी मनोरमा जवळ होती. १९२१ च्या जुलैत तीही गेली, चाळिशीत. तेवीस वर्षांच्या विधवेने जिला कडेवर घेऊन आयुष्य पुन्हा सुरू केले होते, ती एकुलती एक लेक. यानंतर ‘का’ या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना मिळाले होते, असे म्हणता येणार नाही. त्या भाषांतराच्या मुद्रितांकडे परतल्या. आणखी नऊ महिने त्या जगल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे निवर्तल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

श्रद्धेने त्यांचे एकही माणूस परत आणले नाही. मात्र प्रत्येक घावानंतर दुसऱ्या दिवशी करण्याजोगे काही काम आणि ते करताना कोणाची तरी सोबत, एवढे तिने त्यांना दिले. वृद्धापकाळात आणि आजारपणात आपल्याला याहून अधिक काय हवे असते? शेंगा सोलण्याएवढे, नातवंडाला एक गोष्ट सांगण्याएवढे, कोणासाठी दोन ओळी प्रार्थना करण्याएवढे जरी काम उरले, तरी दिवसाला अर्थ राहतो. ज्येष्ठ वाचकहो, असे एक काम आपल्यापाशी ठेवा आणि मदत मागण्यात कमीपणा मानू नका.

आणि ज्यांचे हातपाय चालतात त्यांच्यासाठी एक विनंती. आपल्या गल्लीत, आपल्या मंडळीत असे एखादे घर असेल जेथे एकच माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्याची बाज वाहत आहे. या आठवड्यात तेथे जा. जाताना भाजीभाकरीचा डबा न्या. ‘काही लागले तर सांगा’ असे मोघम बोलण्याऐवजी, ‘गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी येऊन बसतो, तुम्ही झोपा,’ असे वार-वेळेनिशी सांगा. बाजेचा चौथा कोपरा कोणी तरी धरावा, याचीच त्या घरात वाट पाहिली जात असते.